घराची रंगसफेती

दसरा जवळ आला म्हणजे पुसदच्या बाजारपेठेंत चुन्याचीं पोतीं, निळीच्या पुड्या, गेरूचे ढीग आणि तयार रंगांचे लहानमोठे डबे दुकानांच्या दर्शनी भागीं येऊन बसतात. गल्लोगल्लीं शिड्या दिसूं लागतात, घरांतील सामान अंगणांत निघतें, आणि वर्षभर ज्या भिंतीकडे कोणी ढुंकूनही पाहिलें नाहीं तिच्याकडे लहानथोर सर्वांचें लक्ष जातें. दिवाळीपूर्वीं घर उजळावें ही इच्छा चांगलीच आहे. परंतु त्या पंधरा दिवसांच्या धांदलींत जो पैसा भिंतीवर चढविला जातो, त्यांतील किती पुढच्या दिवाळीपर्यंत भिंतीवर टिकतो, याचा हिशेब फार थोडीं घरें ठेवतात.

घरास रंग देण्याचे हेतु दोन. एक शोभा आणि दुसरा संरक्षण. पहिला सर्वांस ठाऊक असतो. दुसरा पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. पाऊस, ऊन, धूळ आणि धूर यांपासून रंग भिंतीचें बाहेरून रक्षण करितो हें खरें. परंतु त्याचा थर फार पातळ असतो, आणि भिंतीच्या पोटांतच जर पाणी असेल तर वरून चढविलेला कोणताही रंग तें नाहींसें करूं शकत नाहीं. उलट, त्या पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद करून तो भिंतीचा घात मात्र करितो. अंगांत ताप असतां कपाळास गंध लावल्यानें ताप उतरत नाहीं, तसेंच हें आहे.

पूस नदीच्या बाजूस उतरत्या जागेवर असलेल्या एका जुन्या घराची हकीकत या संबंधांत सांगण्यासारखी आहे. दगडी जोतें, मातीच्या रुंद भिंती, सागवानी खांब आणि वर कवेलू असें तें घर दोघां भावांनीं मधोमध वांटून घेतलें. थोरल्यानें आपल्या वांट्यांतील मातीच्या भिंती तशाच ठेवल्या. त्याच्या घरांतील बायका दरसाल पांढऱ्या मातीनें भिंती पोतारीत आणि वरून चुन्याचा हात देत. धाकटा दुकानांत हिशेबनिसाचें काम करी. मुलीचें लग्न वैशाखांत ठरलें तेव्हां त्यानें पतपेढींतून कर्ज काढलें, मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करविला, आणि फाल्गुनांत तो पुरता वाळण्यापूर्वींच त्यावर चकचकीत तैलरंग चढविला. लग्नांत आलेल्या पाहुण्यांनीं घराची वाहवा केली. आषाढांत भिंतीवर लहान लहान फोड दिसूं लागले, श्रावणांत ते फुटले, आणि दिवाळीस रंगाचे पोपडे हातानें ओढतांच निघूं लागले.

धाकट्यानें दोष रंगाऱ्यास दिला आणि त्याची उरलेली मजुरी रोखून धरली. रंगाऱ्यानें दोष रंगाच्या डब्यास दिला. कवेलू फेरण्यास आलेल्या म्हाताऱ्या गवंड्यानें भिंतीवर हात फिरविला, जमिनीलगतची माती बोटानें उकरून पाहिली, आणि एकच प्रश्न विचारला, “भाऊ, न्हाणीचं पाणी कुठं जाते, ते पाह्यलं काय?”

न्हाणी थोरल्याच्या बाजूस होती. तिची मोरी मधल्या भिंतीखालून जात असे, आणि तिचा एक सांधा केव्हांचाच निखळलेला होता. शिवाय फुलझाडांसाठीं घराच्या बाहेरील अंगास माती टाकून टाकून ती जोत्याच्याही वर चढली होती. त्यामुळें भिंत बारा महिने खालून पाणी पीत होती. थोरल्याच्या बाजूस माती आणि चुना यांतून तें पाणी हळूहळू हवेंत उडून जाई; तेथें डाग पडे, पण भिंत शाबूत राही. धाकट्याच्या बाजूस तैलरंगानें दार लावून घेतलें होतें. कोंडलेल्या पाण्यानें तें दार ढकलून दिलें, एवढाच काय तो प्रकार. रंगारी निर्दोष होता, आणि डबाही निर्दोष होता. मोरी दुरुस्त करावयाची तर थोरल्याचें अंगण खणावें लागणार होतें, आणि वांटणीच्या वेळच्या बोलाचालीनंतर दोघे भाऊ एकमेकांच्या उंबऱ्यावर गेलेले नव्हते. या घराकडे शेवटीं पुन्हां वळूं. मध्यंतरीं त्या गवंड्याच्या प्रश्नाचा विस्तार करणें योग्य होईल. कारण रंगकामाचें निम्मे शास्त्र त्या एका प्रश्नांत आहे.

भिंतींत पाणी तीन वाटांनीं शिरतें. वरून, खालून आणि बाजूनें. पाऊस पडतांच डाग दिसला आणि उघाडी होतांच फिका झाला, तर पाणी वरून येत आहे असें समजावें. अशा वेळीं फुटलेलें कवेलू, तुंबलेली पन्हळ किंवा गच्चीच्या कठड्यापाशीं गेलेली चीर शोधून काढावी. डाग जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंत पट्ट्यासारखा असेल आणि उन्हाळ्यांतही पुरता जात नसेल, तर पाणी खालून चढत आहे. दिव्याची वात जसें तेल ओढते तशीच वीट आणि माती पाणी वर ओढते. डाग न्हाणीच्या किंवा नळाच्या शेजारींच असेल तर शोध फार दूर करावयास नको. शंका राहिल्यास प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनीं भिंतीस घट्ट चिकटवून एक दिवस व एक रात्र तसाच ठेवावा. भिंतीकडील अंगास पाण्याचे थेंब जमले तर पाणी भिंतीच्या पोटांतलें. खोलीकडील अंगास जमले तर तें खोलींतील दमट हवेचें.

पाण्याबरोबर जमिनींतील क्षारही वर चढतात. पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात, आणि त्यांचे खडे वाढूं लागले म्हणजे रंग, गिलावा आणि अखेर वीट यांचे पापुद्रे सुटतात. यासच भिंतीला लोणा लागणें म्हणतात. असा पांढरा फुलोरा दिसतांच पुष्कळ लोक तो पाण्यानें धुऊन काढतात. हें उलट होय. कारण क्षार विरघळून पुन्हां भिंतींत शिरतात. तो कोरड्या ब्रशानें झाडून सुपलींत भरून बाहेर टाकावा, आणि पाण्याची वाट बंद होईपर्यंत दर आठ-पंधरा दिवसांनीं तसेंच करीत जावें. बाहेर जोत्यावर चढलेली माती निदान वीतभर खालीं उतरवावी, आणि वळचणीचें पाणी भिंतीपासून दूर जाईल असा उतार काढावा. या कामास कुदळ आणि टोपलें पुरतें. रंगाचा डबा लागत नाहीं.

पुसदच्या परिसरांतील घरांना आणखी एक पीडा आहे, ती काळ्या जमिनीची. आपले पूर्वज गांव वसवितांना पांढरी निराळी आणि काळी निराळी ठेवीत. पांढरीवर घरें आणि काळींत शेतें. गांव वाढलें तशीं नवीं घरें काळींत उतरलीं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आटून भेगाळते. तिच्याबरोबर पाया हालतो, आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या चिरा निघतात. अशी चीर दिसतांच ती बुजवून वर रंग दिला, तर पुढच्याच ऋतूंत ती रंगासकट पुन्हां उघडते. चीर जिवंत आहे कीं थांबली आहे हें आधीं पाहावें. तिच्यावर आडवी कांचेची पट्टी दोन्ही टोकांशीं सिमेंटनें बसवावी आणि एक पावसाळा व एक उन्हाळा जाऊं द्यावा. कांच तडकली तर रंगारी न बोलावितां पायाचें काम जाणणारा मनुष्य बोलावावा. कांच शाबूत राहिली तर चीर थोडी रुंद करून, धूळ झाडून, पाणी मारून मग भरावी.

आतां काळाचा विचार. रंगकाम दिवाळीपूर्वींच झालें पाहिजे असा आपल्याकडे परिपाठ आहे. परंतु विदर्भांतून पाऊस बहुधा आश्विनांत परत फिरतो, आणि चार महिने भिजलेली बाहेरची भिंत पंधरा दिवसांत वाळत नाहीं. म्हणून दिवाळीस आंतील खोल्यांना हात द्यावा आणि बाहेरील काम मार्गशीर्ष ते फाल्गुन या काळांत काढावें. तेव्हां भिंती कोरड्या असतात आणि ऊनही सोसवतें. वैशाखाच्या उन्हांत तापलेल्या भिंतीवर दिलेला चुना धरण्यापूर्वींच वाळतो आणि मग बोट लावतांच पिठासारखा निघतो. उन्हाळ्यांत काम करणें भागच पडलें तर सांवलीच्या मागें मागें जावें. पश्चिमेची भिंत सकाळीं आणि पूर्वेची दुपारनंतर.

रंगांमध्यें सर्वांत जुना, स्वस्त आणि आपल्या हवेस मानवणारा म्हणजे चुना. याच जिल्ह्यांतील वणी तालुक्यांत चुनखडीचा दगड निघतो, आणि तेथील राजूरचें नांव चुन्याच्या भट्ट्यांमुळें ठाऊक आहे. भट्टींत सुमारें नऊशें अंश उष्णतेंत हा दगड भाजला म्हणजे त्यांतील कर्बवायु निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यांत विझवून भिंतीवर दिला म्हणजे हवेंतून तोच वायु परत घेऊन तो हळूहळू पुन्हां दगड बनतो. चुन्याचा हात हा वस्तुतः दगडाचाच एक पातळ थर आहे. मात्र दगड बनण्यास ओल आणि वेळ ही दोन्ही लागतात. म्हणून भिंत आधीं पाणी शिंपडून भिजवावी, आणि एकच दाट हात न देतां पातळ तीन हात द्यावे.

एक किलो चुन्यास सुमारें पांच लिटर पाणी धरावें. चुना पाण्यांत हळूहळू टाकावा. चुन्यावर पाणी ओतूं नये, कारण तो एकदम उकळून उडतो आणि डोळ्यांत गेल्यास दृष्टीस अपाय करितो. मुलांना त्या वेळीं दूर ठेवावें. डोळ्यांत कण गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्यानें बराच वेळ डोळा धुवावा आणि तसेंच डॉक्टरकडे जावें. घरगुती उपाय करीत बसूं नये. विझलेलें मिश्रण निदान एक दिवस, शक्य तर अधिक, झांकून ठेवावें आणि जाड कापडांतून गाळावें. दहा लिटर मिश्रणास सुमारें चाळीस ग्रॅम डिंक गरम पाण्यांत विरघळवून घालावा. त्यानें चुना हातास लागत नाहीं. पिवळट झांक जावी म्हणून नीळ घालतात. ती किलो चुन्यास तीन ग्रॅमपेक्षां अधिक नसावी, नाहींतर भिंत आजाऱ्याच्या नखांसारखी निळी दिसते. रंगीत हात द्यावयाचा असेल तर गेरू, काव, पिवडी हे मातीचेच रंग घ्यावे. चुन्याच्या दाहापुढें ते टिकतात. अनेक कृत्रिम रंग टिकत नाहींत. कुंचा प्रथम वरून खालीं व खालून वर ओढावा, आणि तो हात ओला आहे तोंच आडवा फिरवावा. पहिला हात पुरता वाळल्याशिवाय दुसऱ्यास आरंभ करूं नये.

चुन्याच्या दाहकपणामुळें भिंतीवरील बुरशी आणि पुष्कळसे जंतु मरतात. १८९६ सालीं मुंबईंत आणि पुढें पुण्यांत प्लेगची साथ पसरली तेव्हां घरें धुऊन त्यांस चुना देणें हा सरकारी उपायांचा एक भाग होता. परंतु हा रोग उंदरांवरील पिसवा मनुष्यास चावल्यानें पसरतो हें १८९८ सालीं सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत प्रयोग करून दाखविलें. अर्थात् चुन्यानें प्लेग थांबण्याजोगा नव्हता. चुन्याचा गुण खरा आहे. पण त्याच्याकडून भलत्या अपेक्षा करूं नयेत.

मातीच्या भिंती ज्यांच्याकडे अजून आहेत त्यांनीं त्या गरिबीचें लक्षण समजून झांकूं नयेत. तालुक्यांतील गांवांतून आणि तांड्यांतून अशा भिंती शेण, पांढरी माती आणि भुसा यांनीं वर्षानुवर्षें नीट राखलेल्या दिसतात. अजिंठ्याच्या लेण्यांतील जगप्रसिद्ध चित्रेंही खडकावर चढविलेल्या मातीच्याच गिलाव्यावर काढलेलीं आहेत. त्या मातींत तूस व तंतू मिसळलेले आहेत, वर पांढरा पातळ थर आहे, आणि बहुतेक रंग काव, पिवडी, हिरवी माती व काजळी असे साधे आहेत. त्यांपैकीं पुष्कळ चित्रें पंधराशें वर्षांचीं आहेत. जेथें खडकांतून पाणी झिरपलें तेथें तीं गळून पडलीं. हाही धडा तोच. मातीच्या भिंतीवर सिमेंट अथवा प्लॅस्टिकसारखा घट्ट थर कधींही चढवूं नये. दोघांचें प्रसरण निराळें असल्यामुळें थर सुटतो, आणि मागें अडकलेल्या पाण्यानें माती आंतल्या आंत विरते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी स्थिति होऊन शेवटीं कोंबडीही हातची जाते. शेणाचें हें गृहकृत्य आतां डब्यांतही आलें आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगानें २०२१ सालच्या जानेवारींत शेणापासून बनविलेला रंग बाजारांत आणला.

सिमेंटच्या नव्या भिंतींचा धर्म निराळा. सिमेंटचा गिलावा निदान एक महिना, आणि पावसाळी हवेंत त्याहून अधिक, वाळूं द्यावा. त्यांत असलेल्या क्षारामुळें तैलरंगांतील तेलाचा साबण बनतो आणि रंग चिकट होऊन सुटतो. म्हणून पहिलें वर्ष चुन्यावर काढावें आणि कायमचा रंग दुसऱ्या वर्षीं द्यावा, ही जुन्या कारागिरांची चाल आजही शहाणपणाची आहे. तोंपर्यंत घर कोठें बसतें आणि कोठें गळतें हेंही कळून येतें. जुन्या चुन्यावर डिस्टेंपर किंवा इमल्शन द्यावयाचें असल्यास सुटा चुना पुरता खरवडून काढावा. पिठावर थापलेला रंग पिठाबरोबरच खालीं येतो. स्वयंपाकघरांतील धुराचा व तेलाचा थर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानें काढून भिंत वाळवावी, खळगे लांबीनें भरावे, घासून सारखे करावे, आणि अस्तराचा एक हात देऊन मग रंगाचे दोन हात द्यावे. क्रम वरून खालीं असावा. आधीं छत, मग भिंती, मग दारेंखिडक्या आणि सर्वांत शेवटीं जमिनीलगतचा पट्टा.

रंगाची छटा निवडतांना दुकानांतील लहानशा चौकोनावर विसंबूं नये. भिंतीवरच हातभर जागा रंगवून ती सकाळीं, दुपारीं आणि दिव्याच्या उजेडांत पाहावी. लहान आणि अंधाऱ्या खोल्यांस पांढरा, फिका पिवळा अशा छटा द्याव्या. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकीं सुमारें चार-पंचमांश परत देते. गडद भिंत तो बहुतेक गिळून टाकते. ज्या खोलींत मुलें अभ्यासास बसतात तेथें हा फरक त्यांच्या डोळ्यांस जाणवतो.

रंग किती आणावा याचें गणित सातवींतील मूलही करील. समजा, खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. चार भिंतींचें क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. त्यांतून २१ चौरस फुटांचें एक दार आणि प्रत्येकीं १२ चौरस फुटांच्या दोन खिडक्या वजा केल्या म्हणजे ३९५ उरतात. दोन हातांस ७९० चौरस फूट. एका लिटरांत १२० चौरस फूट होतात असें डब्यावर लिहिलें असेल तर सात लिटर पुरेत. हा हिशेब कागदावर मांडून रंगाऱ्याशीं आधीं बोलून ठेवला म्हणजे दोघांचाही एकमेकांवरील विश्वास टिकतो. मजुरी, हातांची संख्या आणि घासकाम कोणाकडे, हेंही त्याच कागदावर असावें.

दारें आणि चौकटी या भागांत बहुधा सागवानाच्या असतात. त्यांस जवसाचें तेल पाजण्याची जुनी रीत चांगली आहे. परंतु त्या तेलानें भिजलेल्या चिंध्या एका जागीं चुरगळून टाकूं नयेत. तेल हवेशीं मिळून आपोआप तापतें आणि ढिगास आग लागते. चिंध्या एकेक पसरून बाहेर वाळवाव्या किंवा पाण्यांत बुडवून टाकाव्या. लोखंडी गजांवरील गंज पुरता खरवडून, अस्तर देऊन मग रंग द्यावा. गंजावर रंग देणें म्हणजे वाळवीवर पांघरूण घालणें होय. वाळवीवरही रंग हा उपाय नव्हे, हें ओघानेंच सांगावें लागतें.

जुना तैलरंग खरवडतांना एका विषाची आठवण ठेवणें अवश्य आहे. तें विष म्हणजे शिसें. पूर्वीं पांढऱ्या रंगांत शिशाचा सफेता आणि लोखंडाच्या अस्तरांत शेंदूर सर्रास घालीत. रंगाऱ्यांना त्यापासून होणारे पोटशूळ आणि हातांचा लुळेपणा पाहून १९२१ सालीं जिनीव्हा येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें घरांच्या आंतील कामांत असा सफेता वापरूं नये असा करार केला. भारतांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावें असा नियम २०१६ सालीं झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलांत आला. तात्पर्य, त्यापूर्वीं रंगविलेल्या दारांवर शिसें असूं शकतें. त्याची धूळ रांगत्या मुलाच्या हातांतून तोंडांत जाते, आणि त्याच्या बुद्धीची हानि करिते. ही हानि पुढें भरून येत नाहीं. असा रंग कोरडा घासूं नये. पाणी लावून घासावा, गाळ कागदांत गुंडाळून टाकावा, जमीन ओल्या फडक्यानें पुसावी, आणि काम संपेपर्यंत मुलें व गर्भवती स्त्रिया यांना त्या खोलींत येऊं देऊं नये. रंगाऱ्यानेंही नाकातोंडास फडकें बांधावें आणि हात धुतल्याशिवाय भाकरीस हात लावूं नये. परातीचा, शिडीचा आणि बांबूंच्या पहाडाचा मजबूतपणा पाहणें हें घरधन्याचेंही कर्तव्य आहे. रंगारी पडला तर घर रंगण्याचा आनंद कोणास राहील?

एक शेवटची गोष्ट छपराविषयीं. विदर्भांतील उन्हाळा किती कडक असतो हें सांगण्याची गरज नाहीं. सिमेंटच्या छतावर किंवा पत्र्यावर उन्हाळ्यापूर्वीं पांढरा हात दिला म्हणजे पुष्कळसें ऊन परत फेंकलें जातें आणि खालील खोली कांहीं अंशांनीं थंड राहते. अहमदाबाद शहरानें २०१३ सालीं उष्णतेपासून बचावाची योजना आखली. पुढें गरीब वस्त्यांतील छपरें पांढरीं करण्याचें कामही तींत घेतलें गेलें. भिंतीच्या शोभेसाठीं खर्च करणाऱ्या गृहस्थानें त्यांतील थोडा भाग छतासाठीं राखून ठेवल्यास घरांतील म्हाताऱ्यांचा आणि बाळंतिणींचा दुवा त्यास मिळेल.

आतां त्या दोन भावांच्या घराकडे वळूं. गवंड्यानें कारण सांगितल्यावरही धाकट्यानें दोन महिने काढले. कर्जाचा हप्ता चालू होता, रंगाऱ्याचे निरोप येत होते, आणि पोपडे पडतच होते. अखेर संक्रांतीच्या दिवशीं तिळगूळ घेऊन तो थोरल्याच्या दारीं गेला. “दादा, मोरी उकरावी लागते,” एवढेंच तो बोलला. थोरल्यानें उत्तर न देतां कुदळ काढली. वहिनींनीं न्हाणींतलीं भांडीं बाहेर आणून ठेवलीं. मोरीचा सांधा बदलण्यास एक दिवस आणि जोत्यावरची माती उतरविण्यास दोन दिवस लागले. त्यानंतर भिंतीचा खालचा तीन-साडेतीन फुटांचा सिमेंटचा पट्टा सोलून काढला, आणि भिंत एक संबंध उन्हाळा तशीच उघडी ठेवली. तीं उघडी भिंत पाहुण्यांस दाखविण्यासारखी खास नव्हती. पुढें तेथें मातीचा गिलावा केला, आणि पावसाळा संपून भिंत वाळल्यावर तीवर चुन्याचे तीन हात दिले. ते हात देण्यास धाकट्यानें त्याच रंगाऱ्यास बोलाविलें, आणि काम सुरू होण्यापूर्वीं रोखून धरलेली मजुरी त्याच्या हातावर ठेवली.

त्या भिंतीस पूर्वींची चकाकी नाहीं. परंतु तिच्यावर फोड नाहींत, आणि मधल्या भिंतीच्या दोन्ही बाजू आतां एकाच रंगाच्या आहेत. कर्जाचे हप्ते मात्र धाकट्यास अजून फेडावयाचे आहेत. ज्यांच्या घरीं या वर्षीं लग्नकार्य किंवा वास्तु आहे त्यांनीं रंगाच्या दुकानीं जाण्यापूर्वीं एक दिवस घराभोंवतीं फेरी मारावी, जोत्यापाशीं वांकून पाहावें, आणि न्हाणीचें पाणी कोठें जातें तें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून यावें.